हाताला पाठ असलेलं पाऊल

आबांचा पाय मोडला तो काही पराक्रम करताना नाही. दुकानातल्या शिडीवरून उतरताना त्यांना वाटलं, आली शेवटची पायरी. ती निघाली शेवटून दुसरी. बस्स, एवढंच. सहासष्टाव्या वर्षी माणसाला पायऱ्या मोजता येऊ नयेत का, असं त्यांची लेक म्हणाली. आबा तेव्हा फरशीवर बसून स्वतःच्या डाव्या घोट्याकडे बघत होते. घोटा त्यांच्या डोळ्यांदेखत फुगत चालला होता.

मग सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा आतून बाहेर आलेला पाय आबांना कुणा परक्याचा वाटला. बारीक, पांढुरका, आणि घोटा तर गंजलेल्या बिजागरीसारखा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे ते आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. आता गिऱ्हाइकं त्यांना ऐकवू लागली.

कारण आबांचा धंदाच पायाचा. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं बुटांचं दुकान आणि मागे राहायच्या दोन खोल्या. तयार बूट नव्हेत हं, मापाचे. गिऱ्हाइकानं यायचं, मोजे काढायचे, कागदावर पाय ठेवायचा. आबा पेन्सिल फिरवत, फीत लावत, पण खरं माप ते हातानं घेत. डोळे अर्धवट मिटून पाऊल दोन्ही तळव्यांत धरायचं आणि अंगठ्यानं चाचपत जायचं. इथं हाड वर आलंय, इथं जुनी दुखापत आहे, ही करंगळी आत दबलीय. मग त्या पावलाचा लाकडी साचा करायचा. एकेचाळीस वर्षांत भिंतीवर साडेतीनशेच्या वर साचे जमले होते, पण साचा काढून बघायची वेळ आबांवर क्वचित येई. पाऊल एकदा हातात आलं की हाताला पाठ व्हायचं.

चेहऱ्यांचं मात्र विचारू नका. रस्त्यात कुणी नमस्कार केला की आबा बावचळायचे, नजर खाली न्यायचे आणि मग एकदम खुलायचे, "अरे, तुम्ही होय!" होणाऱ्या जावयाला पहिल्या दोन भेटींत त्यांनी बुटांवरून ओळखलं. तिसऱ्या खेपेला तो बिचारा चपला घालून आला, तर "कोण पाहिजे आपल्याला?" म्हणून दारातच अडवलं. लेक अजून ते काढून दाखवते.

तर असा हा माणूस. पण घरातल्यांचा जीव अडकला होता तो आबांच्या पायात नव्हे, ठकीच्या. ठकी म्हणजे लेकीची लेक, पंधरा महिन्यांची. जन्मली तेव्हा तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं. आधी दर आठवड्याला नवं प्लास्टर, मग पट्टा, मग आबांनी केलेले बूट. बोटभर लांबीचे, टाचेला घट्ट, आणि दर दीड महिन्याला नवे. आता पाऊल सरळ झालं होतं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "छान. आता चालणं तिचं तिला करू द्या, ओढू नका. फक्त एक सांभाळा. पहिलं पाऊल दुखायला नको. टेकवलं की दुखतं, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं तर ती पाऊल बाहेरच्या कडेवर टाकायला लागेल. मग ते पुन्हा वळणार, आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही."

तेव्हापासून लेक फरशीवरचा खडान्‌खडा वेचत असे. जावई लांब नोकरीला होता. त्याचा रोज फोन यायचा आणि रोज एकच प्रश्न असायचा, "चालली का?" अजून नव्हती चालली. कॉटचा दांडा धरून उभी राहायची, उजवं पाऊल उचलायची, विचार केल्यासारखं करायची आणि मटकन खाली बसायची.

इकडे आबांच्या हाडांच्या डॉक्टरांनी वेगळीच बातमी दिली. "हाड जुळलंय, पण सांधा आखडलाय. तीन इंजेक्शनं द्यावी लागतील, आठवड्याला एक. सांध्याच्या आत. खोटं सांगत नाही, दुखतं."

"किती?"

"मागे एका पेशंटनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता," डॉक्टर म्हणाले. "आणि तो अगदी गरीब स्वभावाचा माणूस होता हो."

दवाखाना दोन गल्ल्या सोडून. मंगळवारी सकाळी आबा कुबडी टेकत गेले. इंजेक्शनची खोली लहानशी होती. हिरवा पडदा, उंच टेबल, स्टीलचा ट्रे, स्पिरिटचा वास. भिंतीवर पावलाच्या हाडांचं चित्र होतं, त्याकडे आबांनी नापसंतीनं बघितलं. सगळी हाडं जागच्या जागी होती. असं पाऊल त्यांनी एकेचाळीस वर्षांत एकदाही हातात धरलं नव्हतं. चित्राच्या शेजारी घड्याळ. सव्वाअकराला पाच कमी.

तिथली सिस्टर पन्नाशीची, जाडसर, हळू आवाजाची. तिनं आबांचा पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी पक्का धरला.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "आणि कुणाला तरी मनात आणा."

"कुणाला?"

"ओळखीचं कुणीही. पण नीट आणा. अर्धवट नको. अगदी समोर आहे असं."

रडक्या पोराला खुळखुळा दाखवतात त्यातलाच हा प्रकार, असं आबांना वाटलं. पण डोळे मिटले. आता तुम्ही-आम्ही असतो तर एखादा चेहरा आणला असता. आबांकडे चेहरे होतेच कुठे? त्यांनी पाऊल आणलं. समोरच्या शाळेच्या हेडबाईंचे बूट दुकानातल्या टेबलावर अर्धे शिवून पडले होते, तेव्हा हेडबाईंचंच पाऊल आलं. उजवं. त्यातच त्यांचा सगळा त्रास होता. उंच कमान, अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड, घोट्यावर आतल्या अंगाला एक खळगा. आबा मनातल्या मनात अंगठा फिरवत त्या खळग्यापर्यंत आले.

"झालं," सिस्टर म्हणाली.

आबांनी डोळे उघडले. सुई ट्रेमध्ये पडली होती आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते.

"आबा, तुम्ही तर दगड निघालात! हूं नाही की चूं नाही."

"मला कळलंच नाही," आबा म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

घरी येऊन त्यांनी थोड्या बढाया मारून घेतल्या. आमच्या वेळची हाडं आहेत, वगैरे. लेकीनं मान डोलावली आणि ठकीला त्यांच्या मांडीवर टाकून ती कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी हेडबाईंचा फोन आला. "आबा, बूट घालून बघायला आज येत नाही हं. मंगळवारपासून पायानं छळलंय. वर्गात फळ्याजवळ उभी होते, आणि उजव्या घोट्यात अशी कळ आली, हातातला खडू पडला हो! कुणी आत सुई खुपसून फिरवावी तशी. पोरींनी धरून खुर्चीवर बसवलं."

"किती वाजता?" आबांनी विचारलं. का विचारलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"तिसरा तास चालू होता. सव्वाअकरा झाले असतील. का हो?"

"काही नाही. शेक घ्या," आबा म्हणाले.

आबा मापावर विश्वास ठेवणारे. जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला ते जात नसत. बाईंचं वय झालं, दिवसभर उभ्या असतात, दुखला पाय. त्यात काय एवढं? दोन दिवसांनी हेडबाई स्वतः आल्या, चांगल्या टुकटुक चालत, अर्धे शिवलेले बूट घालून बघितले आणि खूश होऊन गेल्या. झालं, विषय संपला.

दुसऱ्या मंगळवारी आबा निघतानाच शेजारच्या टेलरची चप्पल तुटली. हा टेलर म्हणजे आबांचा रोजचा चहाचा सोबती, त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि जिभेला हाड नसलेला. चप्पल पायातच ठेवून आबांनी पट्ट्याला दोन टाके मारून दिले. डावं पाऊल, पत्र्यासारखं सपाट. मग दवाखान्यात टेबलावर आडवं झाल्यावर सिस्टर म्हणाली, "आणा कुणाला तरी," तेव्हा आबांना काही आणावंच लागलं नाही. हातात होतं तेच आलं.

याही वेळी काही कळलं नाही. सिस्टरनं कापूस लावून वर चिकटपट्टी दाबली. आबा खुशीत होते. उठून बसताना त्यांचं लक्ष तिच्या बुटांकडे गेलं. पांढरे, स्वस्तातले, करंगळीपाशी ताणलेले.

"सिस्टर, बूट चावतात तुमचे. दुकानात या एकदा, माप घेतो. पंधरा दिवसांत असे करून देतो की पायात आहेत हे विसराल."

सिस्टरनं पाय चटकन स्टुलाखाली ओढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "माझं पाऊल तुम्ही लक्षात ठेवू नका."

"का बरं?"

ती ट्रे आवरत राहिली. "पुढच्या मंगळवारी वेळेवर या," एवढंच म्हणाली.

आबा गल्लीत शिरले आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टेलरच्या मशीनचा आवाज येत नव्हता. दुकानात डोकावले तर टेलर पाय बादलीत बुडवून बसला होता.

"या आबा, या. बघा काय झालंय. बसल्या जागी, मशीन चालवता चालवता अशी कळ आली की ब्रह्मांड आठवलं. आईशप्पथ, शर्टाची बाही सरळ कॉलरला शिवली मी!"

"बघू."

टेलरनं पाय बाहेर काढला. डावा. घोट्याच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका होता, सुईच्या टोकाएवढा. आबांनी स्वतःची चिकटपट्टी वर केली आणि दोन्ही पाय शेजारी-शेजारी धरून बघितले. मग फीत काढून मोजलं. टाचेपासून ठिपका दोघांचाही बरोबर तेवढ्याच अंतरावर.

पोटात ठेवणं आबांना जमलं नाही. त्यांनी हेडबाईंपासून सगळं सांगून टाकलं. टेलर आधी खदखदून हसला. "म्हणजे तुमच्या वड्याचं तेल आमच्या वांग्यावर होय!"

"मी मुद्दाम नाही रे केलं."

"अहो, गंमत करतोय मी." मग त्यानं त्या ठिपक्याकडे पुन्हा बघितलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "आबा, माझा साचा आहे का तुमच्या भिंतीवर?"

"आहे की. सतरा वर्षं झाली."

"तो मला द्या. रागावू नका. पण द्या."

आबांनी साचा काढून दिला. टेलरनं तो एका चिंधीत गुंडाळला आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. पण साचा देऊन काय होणार? पाऊल आबांच्या हातात होतं ते होतंच.

त्या रात्री जेवताना लेकीनं ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं. ठकीचं उजवं पाऊल त्यांच्या तळव्यात सहज येऊन बसलं होतं, रोज बसायचं तसं. साडेतीनशे पावलांपैकी एवढं पाठ त्यांना दुसरं कुठलंच नव्हतं. तिचं प्लास्टर निघालं तेव्हापासून दर आठवड्याला त्यांनी ते चाचपलं होतं. रेषभर सरळ झालं तरी त्यांच्या अंगठ्याला डॉक्टरीणबाईंच्या आधी कळायचं. डोळे मिटून कुणाला तरी मनात आणा, असं म्हटल्यावर पहिल्यांदा जर कुठलं पाऊल येणार असेल तर ते हेच. दोनदा आलं नाही, हे नशीब.

त्यांनी ठकीला खाली ठेवलं. कानाला खडा, तिसरं इंजेक्शन घ्यायचं नाही.

"बाबा, हिचं नवं माप घ्यायचं होतं ना?" लेकीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. "बूट घट्ट व्हायला लागलेत."

"घेऊ नंतर."

"नंतर कधी? आणि तिसऱ्या इंजेक्शनला नाही म्हणताय म्हणे? दोन झाली, घोटा सुटायला लागला, आणि आता कच खाता? दगड ना तुम्ही?"

आता तिला सांगून काय सांगणार? पण तिचं चुकत नव्हतं. घोटा अर्धाच सुटला होता. शिलाईच्या मशीनचं पायडल अजून दाबवत नव्हतं, आणि ते दाबल्याशिवाय ठकीचे नवे बूट शिवून होत नव्हते. घट्ट बुटात पाऊल दुखणार. दुखलं तर कडेवर पडणार. इकडे आड, तिकडे विहीर.

सगळा आठवडा त्यांनी ठकीच्या पावलाला हात लावला नाही. हाताला विसर पडावा म्हणून चामडं कापत बसले, खिळे वेगळे करत बसले. ठकी रांगत यायची आणि त्यांच्यासमोर बसून उजवा पाय पुढे करायची. आबा तोंड फिरवायचे. त्यांना रडू येत होतं, अगदी खरं सांगायचं तर.

सोमवारी संध्याकाळी त्यांना तोडगा सुचला, आणि तो इतका सोपा होता की त्यांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्याचं पाऊल कशाला आणायचं? आपलंच आणू की! ज्याचं दुखणं त्याला. दुखेल, ओरडू, डॉक्टरांच्या सात पिढ्यांना काय म्हणायचं ते म्हणू आणि घरी येऊ. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते टेबलावर आडवे झाले. डॉक्टर हात धुवायला गेले होते.

"सिस्टर," आबा हळूच म्हणाले, "कुणालाच मनात आणलं नाही तर?"

"तर आपोआप कुणीतरी येतं," सिस्टर म्हणाली. "सगळ्यात जवळचं असतं ते."

"ते जातं कुठं, तुम्हाला माहीत आहे."

"मी सुई देत नाही. मी फक्त पाय धरते."

"आज मी माझंच पाऊल आणणार आहे."

सिस्टरनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्या बघण्यात काळजी होती, असं आबांना वाटलं.

"बघा," ती म्हणाली. "येतंय का ते."

डॉक्टर आले. आबांनी डोळे मिटले.

आपलं पाऊल. डावं. टाचेपासून सुरुवात करू.

टाच आली नाही.

त्यांनी अंगठ्यापासून बघितलं. कमान बघितली. काहीच नाही, नुसता काळोख. आणि मग त्यांना कळलं की एकेचाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचं पाऊल कधी मापायला घेतलंच नव्हतं. गिऱ्हाइकांनी न नेलेले जोड त्यांनी पायात चढवले होते, सैल तर सैल, घट्ट तर घट्ट. गावाची पावलं पाठ, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार.

घोट्याला स्पिरिटचा गार बोळा लागला.

त्या रिकाम्या जागेत काहीतरी सरकलं. ऊबदार, बोटभर लांबीचं. उजवं.

नको.

त्यांनी ते ढकललं. ते गेलं नाही. ते तळव्यात येऊन बसलं, रोजच्यासारखं.

कुणीतरी दुसरं. लवकर. टेलर नको, त्याला शब्द दिला नसला तरी नको. हेडबाई नको. लेक नको, देवा, लेक नको. जिवंत कुणीच नको.

जिवंत कुणीच नको.

आणि वस्ताद आले.

वस्तादांनी आबांना हा धंदा शिकवला. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. त्यांचे बूट शेवटपर्यंत आबाच करत. त्यांचं उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर पडायचं. टाच मागाहून टेकायची आणि दर पावलाला ते जरासे थबकायचे, मागून कुणी हाक मारली की काय असं वाटावं तसे. हात पाठीशी बांधलेले. करंगळीच्या खाली तळव्याला चिंचोक्याएवढा घट्टा. तो बुटात टोचू नये म्हणून आबा आत खोलगट जागा कोरून ठेवत. मेलेल्या माणसाला काय दुखणार? आबांनी जीव एकवटून ते पाऊल ओढून आणलं आणि ठकीच्या पावलावर ठेवलं. क्षणभर दोन्ही हातात होती, एकावर एक. मग खालचं दिसेनासं झालं.

"झालं," सिस्टर म्हणाली.

काही दुखलं नव्हतं.

घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते. आबांनी कुबडी घेतली आणि डॉक्टर मागून काय सांगत होते ते न ऐकताच बाहेर पडले. दोन गल्ल्या त्यांनी कशा ओलांडल्या, त्यांना आठवत नाही. लांबूनच त्यांना दुकानाच्या दारात लेक उभी दिसली. ती डोळे पुसत होती.

आबा कुबडी आपटत तिच्यापर्यंत पोचले.

"काय झालं?"

"बाबा," लेक म्हणाली, "चालली! ठकी चालली!"

ती हसत होती आणि रडत होती. आबा तिथंच उंबऱ्यावर बसले.

"मी कपड्यांच्या घड्या घालत होते. सव्वाअकराची गोष्ट. तिनं एकदम 'स्स' केलं, मोठ्या माणसासारखं. मी वळून बघते तर दांडा सोडून उभी! आणि मग आली की चालत माझ्यापर्यंत."

"रडली का?"

"छे! एकदाही नाही. पडलीसुद्धा नाही, बाबा. पहिल्यांदा चालणारं मूल कधी न पडता चालतं का? ह्यांना फोन केला, त्यांना खरंच वाटेना."

आबांनी डोळे मिटून घेतले. सुटलो, त्यांना वाटलं. गेलं ते वस्तादांकडे गेलं. वस्तादांची त्यांनी मनोमन माफी मागितली.

आतून पावलांचा आवाज आला.

ठकी मागच्या खोलीच्या दारात आली आणि तिथून दुकानात. घाईनं नाही, सावकाश. तिच्या छोट्या बुटांचा आवाज फरशीवर येत होता. एक पाऊल. थांबणं. दुसरं पाऊल.

उजवं बाहेरच्या कडेवर पडत होतं. टाच मागाहून टेकत होती.

"कडेवर टाकते का गं ती?" आबांनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

"पहिला दिवस आहे, बाबा." लेकीचा आवाज जरा उतरला. "सुरुवातीला सगळीच वाकडीतिकडी टाकतात. पण ते हात बघा, हात! असं पाठीशी हात बांधून चालायला कुणी शिकवलं हिला? अगदी म्हातारी दिसते!"

ठकी मधोमध थबकली. मागून कुणी हाक मारावी तशी. मग पुन्हा चालू लागली.

आबा हसले नाहीत. लेक हसत होती, तिला हसू दिलं.

दुपारी ठकी झोपली. लेक डॉक्टरीणबाईंना फोन करायला पुढच्या खोलीत गेली होती. आबा कॉटशेजारी बसले. आठवडाभरात त्यांनी त्या पावलाला हात लावला नव्हता. त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला. मोजा काढला. पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं आणि डोळे अर्धवट मिटून अंगठा फिरवायला सुरुवात केली.

टाच. कमान. सरळ होतं, अजून सरळ होतं.

करंगळीच्या खाली अंगठा अडला.

आबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. घट्टा चिंचोक्याएवढा होता, कडांना कडक, मध्ये गुळगुळीत. असा घट्टा पडायला तीस-चाळीस वर्षांचं चालणं लागतं.

झोपेतच ठकीनं पाऊल त्यांच्या हातात जरासं पुढे सरकवलं आणि बोटं सैल सोडली, जुनी गिऱ्हाइकं माप द्यायला सोडतात तशी.